तिसरा मालक

मास्तर उलटे चालायचे. बँड पुढं येत असायचा आणि मास्तर त्याच्यासमोर, तोंड वाजवणाऱ्यांकडं, पाठ रस्त्याकडं. गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंत रिक्षा, हातगाड्या, वेड्यावाकड्या लावलेल्या मोटारसायकली, मधेच बसलेली एखादी गाय. मास्तर मान वळवून बघायचे नाहीत आणि कुठं अडखळायचेही नाहीत. मी एकदा विचारलं, "मास्तर, तुम्हाला मागचं कळतं कसं?"

"तुमच्या डोळ्यात दिसतं की," ते म्हणाले. "मागून गाडी आली की ढोलवाल्याचे डोळे मोठे होतात. बाई आली की ट्रम्पेटवाल्याचे."

मी कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीचा. कॉलेजसाठी शहरात आलो, औरंगपुऱ्यात दोघांत एक खोली घेऊन राहिलो. गावात भजनी मंडळात पेटी वाजवायचो, त्या जोरावर लग्नसराईत बँडमध्ये पॅड, म्हणजे गाडीवरचा कीबोर्ड, वाजवायला मिळेल का ते बघायला गेलो. बँडचं नाव मी इथं लिहीत नाही. ते नाव कुणाचं, हा दावा अजून चालू आहे.

मास्तरांनी मला पॅडला हातही लावू दिला नाही. म्हणाले, "चालून दाखव."

"सर, पॅड तर गाडीवर असतंय ना?"

"सर नाय, मास्तर. अन् गाडीमागं चालावंच लागतं. वाजवायला कुणी बी शिकतं. उन्हात चार तास चालायचं अन् तोंड वाकडं करायचं नाय, हे शिकायला लई दिवस लागतात."

मी गल्लीच्या टोकापर्यंत चालून परत आलो. मास्तर म्हणाले, "खांदे पाड. तुझ्या बापाचं नाय, दुसऱ्याचं लगीन हाय." आणि मला ठेवून घेतलं.

मास्तरांचा कोट लाल होता, त्याला सोनेरी झालर. आम्हा बाकीच्यांचे कोट कंपनीचे, एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेले. ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा, आणि आदल्या वर्षीच्या घामाचा वास त्यातच. मास्तरांनी मात्र आपला कोट शहागंजातल्या एका शिंप्याकडून मापानं शिवून घेतला होता. तो घालून ते लग्नात तर जायचेच, पण दवाखान्यात, बँकेत आणि रेशनच्या रांगेतही जायचे. गल्लीतली पोरं ओरडायची, "मास्तर, आज कुणाचं लगीन?" मास्तर गंभीरपणे सांगायचे, "आज साखर येणार हाय."

त्यांचे नियम होते आणि ते नवरदेवाच्या बापालाही लागू होते. पाहुणे नोटा घेऊन नाचायला लागले की एखादा ती नोट थेट वाजवणाऱ्याच्या बाज्यात खुपसायचा. मास्तर हात वर करायचे, अख्खा बँड गप्प. "पाव्हणं, बाज्याच्या तोंडात हात घालायचा नाय. हातात द्या, मी मान झुकवून घेतो." पाहुणा ओशाळायचा, नोट हातात द्यायचा, आणि मास्तर खरंच मान झुकवायचे. ठरलेली वेळ संपली की वाजवणं बंद. एकदा प्यायलेला एक मामा रस्त्यात आडवाच पडला. नागिणीची धून वाजल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. मास्तर त्याच्या कानाशी वाकले. "मामा, नागीण झोपली. तुम्ही बी झोपा."

सिग्नलवर उभे राहिले की रिक्षावाल्यांना त्यांच्या हॉर्नचा सूर सांगायचे. "मियाँ, जरा उतर गया है तुम्हारा." रिक्षावाले हसायचे. एकानं खरंच जाऊन हॉर्न बदलून घेतला आणि मास्तरांना ऐकवायला परत आला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं आणि "अब बारात में चलेगा" असं सर्टिफिकेट दिलं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मास्तर पैसे घेत नसत. त्या दिवशी बँडला कितीही मोठी सुपारी येवो, मास्तर मिळायचे नाहीत, आणि शेठ लोकांनीही हे कधी ताणून धरलं नाही.

शेठ दोन. सदाशेठचं भांड्यांचं दुकान होतं. बाजे, ढोल, दिव्यांच्या छत्र्या आणि पॅडची गाडी, या सगळ्याला पहिला पैसा त्यांनी घातला होता. भागवतशेठकडं पैसा नव्हता, पण शहरातल्या प्रत्येक मंगल कार्यालयाचा मॅनेजर त्यांना नावानं हाक मारायचा. सुपाऱ्या ते आणायचे. दोघांची भागीदारी निम्मी-निम्मी. औरंगपुऱ्यातल्या गल्लीत एका दुकानाच्या रुंदीचं ऑफिस, मागं बाजे ठेवायची खोली.

आणि तिसरे मालक म्हणजे मास्तर. निदान तसं म्हणायची पद्धत होती. दसऱ्याला बाज्यांची पूजा झाली की सदाशेठ पहिला टिळा मास्तरांना लावायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचे, "या कंपनीचे मालक तीन. आम्ही दोघं नावाचे. खरे हे." आम्ही टाळ्या वाजवायचो. मास्तरांची छाती त्या मापानं शिवलेल्या कोटात मावायची नाही. एका वर्षी भागवतशेठनी त्यांना कार्डं छापून दिली. मास्तरांचा फोटो आणि खाली "संचालक". ज्या वर्षी पगार वाढवायची वेळ यायची, त्या वर्षी मास्तरांचा मान वाढायचा. मला हे दुसऱ्याच हंगामात कळलं. मास्तरांना कळलं होतं की नाही, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

लग्नघरी ते स्वतःची ओळख "कंपनीचा मालक" अशीच करून द्यायचे. बायकोलाही त्यांनी, लग्न ठरताना, बँड आपला आहे असं सांगितलं होतं. काकू पैठणच्या. लग्नानंतर पहिल्या खेपेला माहेरी गेल्या तेव्हा एसटी स्टँडवरच बायकांना सांगत सुटल्या होत्या म्हणे, नवरा बँडमालक मिळालाय म्हणून. हे मास्तर स्वतःच रंगवून सांगायचे.

लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद पडली आणि बँडही. मग एकदाची लग्नं सुरू झाली ती अशी की एका मुहूर्ताला तीन-तीन ठिकाणी जायचं. आम्ही तो हंगाम जीव तोडून वाजवला. आमच्यात रीत अशी होती की हंगामाच्या सुरुवातीला थोडी उचल घ्यायची आणि बाकीचा हिशेब पावसाळ्याच्या तोंडाशी. त्या वर्षी पावसाळा तोंडाशी आला आणि दोन्ही शेठचं वाजलं.

भागवतशेठनी मुलाच्या नावावर डीजेची गाडी घेतली होती. सदाशेठ म्हणाले, ती आपल्या बँडच्या पैशातून घेतली. भागवतशेठ म्हणाले, बाजे तुम्ही गुपचूप तुमच्या भांड्यांच्या दुकानाच्या खात्यावर दाखवलेत, त्याचं काय? एकानं बाज्यांच्या खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्यानं सकाळी येऊन त्याच कडीत आपलं कुलूप अडकवलं. प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं: भागीदारी मोडा, बाजे कुणाचे सांगा, नाव कुणाचं सांगा. आमच्या पगाराचं विचारलं की सदाशेठ म्हणायचे, सुपाऱ्यांचे पैसे भागवतशेठकडं आहेत. भागवतशेठ म्हणायचे, सगळा माल सदाशेठनी दाबलाय, त्यांना विचारा.

आमच्यातला ट्रम्पेटवाला भाजीची गाडी लावायला लागला. युफोनियमवाला वाळूजला रात्रपाळीचा वॉचमन झाला. माझी फी थकली. मास्तर रोज कोट घालून दोन्ही शेठकडं जायचे आणि परत येऊन आम्हाला सांगायचे, "देतील. मी मालक हाय, मी सांगतो ना."

हे बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी ऑफिसच्या पायरीवर ढोलवाला रशीदभाई उठून उभा राहिला. तो मास्तरांबरोबर सगळ्यांत जुना. फी न भरल्यामुळं त्याच्या मुलीची शाळा बंद पडायची वेळ आली होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम मालिक हो ना? तो तुम दो."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मास्तरांनी खिशातून एक कार्ड काढलं, त्याच्याकडं बघितलं, परत आत ठेवलं. आणि उतरून निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना खांदे पाडून चालताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आम्हाला गोळा केलं आणि एका वकीलबाईंकडं नेलं. बाई तरुण होत्या, नव्यानंच काम सुरू केलेलं. जिन्याखाली ऑफिस, दोन खुर्च्या, त्यामुळं आम्ही बाकीचे रस्त्यावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, कामगार न्यायालयात थकलेल्या पगाराचा अर्ज करू. नावं लिहायला घेतली. पहिलं नाव मास्तरांचं लिहिलं.

"ते खोडा," मास्तर म्हणाले.

"का? तुमचाही पगार थकलाय ना?"

"मी मालक हाय बाई. मालक अर्ज कसा करील?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही खरंच मालक असाल, तर मला या सगळ्यांचा अर्ज तुमच्याही विरुद्ध करावा लागेल. सांगा, करू?"

मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "माझं नाव वगळा. पोरांचं लावा." बाईंनी तसंच केलं. आमच्यातल्या काहींना राग आला. मला कीव आली, आणि कीव आली याचाही राग आला.

शेठ लोकांचं उत्तर आलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं इथं मात्र एक झाले होते. दोघांनी मिळून सांगितलं की ही माणसं आमची नोकर नाहीतच. यांना कामावर ठेवलं ते तिसरे भागीदार म्हणजे बँडमास्तर यांनी. पैसे वाटायचे तेच. पगार मागायचा तर त्यांच्याकडं मागा. पुरावा म्हणून ते "संचालक" छापलेलं कार्ड.

मास्तरांनी हे वाचून घेतलं आणि मला म्हणाले, "बघ, लिहून दिलं शेवटी. मालक म्हणून." आवाजात अभिमान होता की कडवटपणा, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मास्तर प्रत्येक तारखेला कोर्टात जायला लागले. कामगार न्यायालयात तर जायचेच, पण शेठ लोकांच्या दिवाणी दाव्याच्या तारखेलाही जाऊन शेवटच्या बाकावर बसायचे. शिपाई त्यांना ओळखायला लागले. तिथं त्यांनी जे ऐकलं ते संध्याकाळी येऊन वकीलबाईंना सांगितलं. दिवाणी कोर्टात दोन्ही शेठनी शपथेवर सांगितलं होतं की या धंद्याचे भागीदार फक्त दोनच. तिसरा कुणी नव्हता आणि नाही.

वकीलबाई उठून उभ्याच राहिल्या. "मास्तर, याची नक्कल काढते मी. आता तुमची साक्ष महत्त्वाची. तुम्ही फक्त खरं सांगा."

"खरं म्हंजे कोणतं?" मास्तर म्हणाले.

साक्षीच्या दोन दिवस आधी मी काही कागद द्यायला भावसिंगपुऱ्यात मास्तरांच्या घरी गेलो होतो. तिथं भागवतशेठ बसलेले. काकू आत चहा करत होत्या. भागवतशेठचा आवाज म्हणजे साखरेत घोळलेला. मला बघूनही ते थांबले नाहीत. त्यांना वाटलं असावं, कॉलेजचं पोरगं, काय कळतंय.

"मास्तर, दावा मी दुरुस्त करून घेतो. तुमचं नाव घालतो. तिसरा हिस्सा तुमचा. तुम्ही अन् मी एका बाजूला आलो की सदाशेठ एकटा पडतो. बाजे आपले, नाव आपलं. अन् ढोलावर मोठ्या अक्षरात तुमचं नाव."

"ढोलावर?"

"ढोलावर."

"कोणत्या रंगात?"

"सोनेरीत घाला की. मालक तुम्ही. फक्त परवा कामगार कोर्टात सांगायचं, पोरं मी ठेवली होती, भागीदार म्हणून ठेवली होती. पोरांचं काय ते पुढं आपण बघून घेऊ."

मला वाटलं आता ते याला दार दाखवतील. त्यांनी दाखवलं नाही. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्याला आणि म्हणाले, "विचार करतो."

मास्तर मला सोडायला बाहेर आले तेव्हा मी न राहवून म्हणालो, "मास्तर, यात विचार करण्यासारखं काय आहे?"

ते म्हणाले, "तुला शिक्षण हाय. तू उद्या कुठंतरी साहेब होशील. मला हे एकच होणं ठाऊक हाय. मी अख्ख्या गल्लीला, पाव्हण्या-रावळ्यांना, बायकोला सांगितलंय. आता चारचौघांत उभं राहून काय सांगू?"

साक्षीच्या दिवशी आम्ही सगळे लवकर पोचलो. मास्तर येईनात. वकीलबाई घड्याळ बघत होत्या. पुकारा व्हायच्या बेतात मास्तर आले. लाल कोट, बूट चमकवलेले, केसांना तेल. त्यांच्या मागं काकू, नवी साडी नेसून. मास्तरांचं तोंड उतरलेलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही ऐकेना. म्हणती मालकांना साहेब काय विचारतात ते मला बघायचंय."

काकू शेवटच्या बाकावर ऐसपैस बसल्या. दोन्ही शेठ पुढं, मधे एक खुर्ची सोडून.

मास्तर साक्षीला उभे राहिले. देवाची शपथ घेता का, असं विचारल्यावर म्हणाले, "प्रतिज्ञेवर सांगतो." न्यायाधीश साहेबांनी कोटाकडं बघितलं.

"हे काय घालून आलात?"

"कामाचा ड्रेस हाय साहेब. तुम्ही तुमचा घातलाय, वकील लोकांनी त्यांचा घातलाय. मी माझा."

साहेब किंचित हसले आणि पुढं चला म्हणाले. वकीलबाईंनी साधे प्रश्न विचारले: किती वर्षं वाजवता, कुणाच्या सांगण्यावरून जाता, पैसे कोण द्यायचं. मास्तरांनी सांगितलं. मग शेठ लोकांचे वकील उठले. मुरलेले गृहस्थ.

"लग्नात तुम्ही स्वतःची ओळख मालक म्हणून करून द्यायचात. खरं की खोटं?"

"खरं."

"माणसं निवडायचं काम तुम्ही करायचात?"

"व्हय. चालून बघायचो अन् ठेवायचो."

"त्यांच्या हातात पैसे तुम्हीच ठेवायचात?"

"मीच."

"हे कार्ड तुमचंच?"

"माझंच. फोटो चांगला आलाय."

वकील शेठ लोकांकडं बघून वळले. "मग मी असं म्हणतो की तुम्ही या धंद्याचे भागीदार होतात आणि आहात."

मास्तरांनी भागवतशेठकडं बघितलं. भागवतशेठनी बारीकशी मान हलवली. मग मास्तरांनी आमच्याकडं बघितलं. रशीदभाई खाली फरशीकडं बघत होता. मग मास्तरांची नजर शेवटच्या बाकावर गेली आणि तिथंच थांबली. काकू पदर सावरून ताठ बसल्या होत्या.

"उत्तर द्या," साहेब म्हणाले.

"देतो साहेब. मी मालक म्हणायचो, कारण नोकराचं कुणी ऐकत नाय. पोरं ऐकत नाय, नवरदेवाचा मामा ऐकत नाय. मालक म्हटलं की रस्ता मिळतो. शेठ बी म्हणायचे, मला गोड वाटायचं." त्यांनी घसा साफ केला. "पण नफा कधी मला कुणी दाखवला नाय. तोटा झाला तेव्हा मात्र माझी उचल कापली. मी पगारी माणूस हाय. ही पोरं बी पगारी. आम्ही सगळे ह्या दोघांचे नोकर." मग लिहून घेणाऱ्या बाईंकडं वळून, जसं बँडला सुरू करायला सांगायचे त्या आवाजात म्हणाले, "लिहा बाई. नोकर. नीट लिहा."

टाइपरायटर असता तर त्याचा आवाज झाला असता. कॉम्प्युटरवर तसं काही ऐकू आलं नाही. वकीलबाईंनी लगेच दिवाणी कोर्टातल्या नकला पुढं केल्या. साहेबांनी त्या वाचल्या आणि शेठ लोकांच्या वकिलांना विचारलं, "एका कोर्टात मालक दोन आणि दुसऱ्यात तीन? तुमच्या अशिलांना आधी मोजायला सांगा."

बाहेर आलो. मास्तर व्हरांड्यात खांबाला टेकून उभे राहिले. काकू त्यांच्या समोर आल्या. आम्ही जरा लांब सरकलो, पण ऐकू येत होतं.

"तुला वाईट वाटलं असंल," मास्तर म्हणाले.

"कशाचं?"

"आपण नोकर निघालो याचं."

काकू म्हणाल्या, "मला काय ठाव नव्हतं व्हय? तुम्ही झोपून राहायचे अन् पावसाळ्यात उचल मागायला सदाशेठच्या दारात कोण जायचं? मालकाची बायको उचल मागायला जाती का कधी?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाय?"

"तुमची छाती फुगायची ना ते म्हटल्यावर. बरं दिसायचे." आणि पिशवीतून डबा काढून म्हणाल्या, "खाऊन घ्या. बाकीच्यांना बी बोलवा, जास्तीच्या पोळ्या आणल्यात."

आम्ही कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून खाल्लं. रशीदभाईनं मास्तरांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "बहुत अच्छा बोले, मास्तर." तेवढंच.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मास्तरांचा अर्ज वकीलबाईंनी नंतर वेगळा टाकला होता, त्याचंही तसंच झालं. पण निकाल लागणं आणि हातात पडणं यात फार अंतर असतं. दोन्ही शेठ म्हणाले, खिशात काही नाही. भागवतशेठचा डीजे हप्त्यात बुडाला होता, सदाशेठची भांडी वकिलांच्या फीत. तेव्हा तोडगा मास्तरांनी काढला. वकीलबाईंना म्हणाले, "पैसा नसंल तर बाजे द्या म्हणावं. खोलीत गंजून तर चाललेत."

बाजे दाव्यात अडकलेले, त्यामुळं दोन्ही शेठची संमती लागत होती. वकीलबाईंनी दोघांकडं किती खेटे घातले, त्यांनाच माहीत. शेवटी दोघंही कबूल झाले, कारण बाजे दुसऱ्याला मिळण्यापेक्षा आम्हाला मिळालेले दोघांनाही परवडणार होते. त्या सगळ्या भांडणात त्यांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर. दिवाणी कोर्टानं तशी नोंद केली.

खोली उघडायला दोघंही आले. एकानं आपलं कुलूप काढलं, दुसऱ्यानं आपलं. आत युफोनियममध्ये उंदरांनी घर केलं होतं. ढोलांचं चामडं सैल पडलेलं. मास्तरांनी एक क्लॅरोनेट उचललं, बाहीनं पुसलं आणि ओठाला लावलं. घोगरा, चिरका आवाज आला. "हाय जिता," ते म्हणाले.

पैठण गेटजवळ पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. वकीलबाईंनी सगळ्यांच्या नावाचं भागीदारी पत्र करून दिलं. ढोलावर मास्तरांचं नाव घालू, असं रशीदभाईच म्हणाला. मास्तरांनी दोन दिवस विचार केला. मला खात्री आहे की त्यांना ते हवं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नको. नावावरनं दोन माणसं अजून कोर्टात हायेत." त्यांची एकच अट होती आणि ती त्यांनी पत्रात घालायला लावली: मजुरी त्याच दिवशी, गाडी परत यायच्या आत. मालकीचा जो काही नफा असेल तो दिवाळीला. आता त्या पत्र्याच्या खोलीतून निघणाऱ्या बँडला शहरात "मास्तरांचा बँड" म्हणतात. ते कुणी छापलेलं नाही, त्यामुळं त्यावर कुणाला दावाही लावता येत नाही.

मी शिक्षण संपवून एका पतसंस्थेत लागलो. तरी हंगामात मास्तरांचा निरोप आला की सुट्टी टाकतो. गेल्या हंगामात असाच आला: "सदाशेठच्या मुलीचं लगीन हाय. पॅडवाला आजारी हाय. ये."

सदाशेठ स्वतः पत्र्याच्या खोलीवर आले होते म्हणे. म्हणाले, "मास्तर, माझ्या दारात दुसरा बँड लावला तर गाव माझ्या तोंडात शेण घालील."

मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दर सांगितला. बाहेरच्यांना सांगतात तोच.

"घरचं कार्य आहे मास्तर."

"म्हणून माझी मजुरी सोडतो. पोरगी मी अंगाखांद्यावर खेळवलीये. पण पोरांची मजुरी माझ्या घरची नाय शेठ. अन् निम्मे आज."

सदाशेठनी दिले.

लग्नाच्या दिवशी नवरदेवाकडची मंडळी परभणीकडून आलेली, मोठी, मानपानाची. घोडा सजला होता, आम्ही रांगेत उभे होतो आणि ऊन चढत होतं. सदाशेठ व्याह्यांना घेऊन आमच्यापाशी आले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून, दसऱ्याला म्हणायचे अगदी तशाच आवाजात म्हणाले, "हे आमचे मास्तर. आमच्या कंपनीचे तिसरे मालक."

रशीदभाईनं माझ्याकडं बघितलं. मास्तरांनी व्याह्यांना वाकून नमस्कार केला.

"नाय हो पाव्हणं," ते हसून म्हणाले. "मी ह्यांचा नोकर होतो. कोर्टानं तसं लिहून दिलंय. घरी कागद हाय, या बघायला."

सदाशेठचा चेहरा आधी पडला, मग त्यांनाच हसू फुटलं, आणि ते हसले म्हटल्यावर व्याहीही हसले. मास्तर हसायचे थांबले होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"अन् शेठ, उशीर झालाय. मुहूर्त टळला तर पोरांना जास्तीच्या वेळेचे पैसे द्यावे लागतील. पुढची गर्दी हटवा जरा."

सदाशेठनी खांद्यावरचं उपरणं सावरलं, दोन्ही हात पसरले आणि स्वतःच्या मांडवातल्या पाहुण्यांना बाजूला सारत, "सरका हो, सरका, बँडला वाट द्या," असं ओरडत पुढं चालायला लागले.